अभियंत्याचा ध्यास आणि समाजाचा वाटा



नवे तंत्र केवळ खाजगी नफ्याच्या लोभातून जन्मते, असा समज आग्रहाने पसरविला जातो. मायक्रोचिपच्या उत्पादनाचा इतिहास वेगळी साक्ष देतो. तैवानमधील अभियंते बर्न लिन यांचे कार्य या दृष्टीने मननीय आहे.

सिलिकॉनच्या चकतीवर विद्युत्-मंडलांची नक्षी प्रकाशाने उमटविली जाते. प्रकाशाची तरंगलांबी जितकी आखूड, तितकी नक्षी बारीक. १९३ नॅनोमीटरचा प्रकाश पुढे अपुरा पडणार, म्हणून बड्या कंपन्यांनी १५७ नॅनोमीटरच्या प्रकाशावर अमाप पैसा ओतला. पण त्याला लागणारी निर्दोष भिंगे साधेनात. २००२ साली लिन यांनी निराळाच मार्ग मांडला : प्रकाश जुनाच ठेवावा, भिंग आणि चकती यांमध्ये पाणी भरावे. पाण्यात तीच तरंगलांबी १३४ नॅनोमीटर होते; म्हणजे १५७ पेक्षाही आखूड! बुडबुडे येतील, डाग पडतील, असे आक्षेप निघाले. लिन यांनी एकेकाचे निरसन केले. नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीने तसे यंत्र घडविले आणि जगभरच्या कारखान्यांना तोच मार्ग धरावा लागला.

हा ध्यास थोर खराच. पण तो पोकळीत फुलला नाही. लिन ज्या टीएसएमसीत होते, ती १९८७ साली उभी राहिली ती मुख्यतः सरकारी निधीच्या आणि सरकारी संशोधनसंस्थेच्या बळावर. खाजगी भांडवल त्या वेळी कचरत होते. त्याआधी, १९७६ साली, याच संस्थेने अमेरिकेच्या आरसीए कंपनीशी करार करून तरुण अभियंते शिक्षणासाठी तिकडे धाडले होते.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. त्याच आरसीएच्या ताओयुआन येथील इलेक्ट्रॉनिक कारखान्यात विषारी द्रावके भूजलात मुरली. तेच पाणी कामगार पीत होते. कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. कर्करोगाने ग्रासलेल्या कामगारांच्या बाजूने तैपेईच्या न्यायालयाचा निकाल लागायला २०१५ साल उजाडले.

भारत सरकारने २०२१ मध्ये या उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. पैसा जनतेचा आहे. तेव्हा मालकीत जनतेचा वाटा किती, तरुण अभियंत्याला प्रयोगाची मोकळीक किती, आणि कामगाराच्या पिण्याच्या पाण्याची हमी कोणाची, हे प्रश्न कारखान्याची पायाभरणी होतानाच विचारले पाहिजेत. निकालासाठी तेवीस वर्षे थांबणे कामगाराला परवडणारे नाही.