खांबापासून घरापर्यंत : ग्रामीण वीजजोडणीच्या खर्चाचा विचार



नाशिक जिल्ह्याला वीज ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. नाशिकरोडजवळ एकलहरे येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी औष्णिक वीज केंद्र सुरू झाले, तर इगतपुरी तालुक्यात वैतरणेच्या पाण्यावर वीज निर्माण होते. जिल्ह्याच्या पंधराही तालुक्यांत वीजवाहिन्यांचे जाळे पसरले आहे. असे असूनही निफाड वा दिंडोरीकडे एखाद्या मळ्यात नवे घर उभे राहते, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारावर एखादा पाडा वसतो, तेव्हा घरातील कर्त्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की वीज घ्यायची तर खर्च किती येईल?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा चावडीवर मिळते. एक सांगतो पाचशे रुपये. दुसरा सांगतो बैलजोडी विकावी लागेल. दोघेही खोटे बोलत नसतात. दोघे निरनिराळ्या खर्चांविषयी बोलत असतात, एवढेच. हे खर्च वेगळे करून पाहिले म्हणजे कोणता भार कुटुंबाचा, कोणता वितरण कंपनीचा आणि कोणता गावाच्या शहाणपणाने टळण्यासारखा आहे, हे स्पष्ट होते.

खर्चाचे तीन भाग

पहिला भाग घराच्या आतला. तारांची जोडणी, बटणांचा फलक, भूसंपर्कन म्हणजे अर्थिंग ही कामे घरमालकाने स्वतःच्या खर्चाने करावयाची असतात. ती परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावीत व त्याचा टेस्ट रिपोर्ट अर्जास जोडावा. येथे काटकसर करताना पुष्कळदा अर्थिंग गाळले जाते. पावसाळ्यात ओल्या भिंतीला हात लागून होणाऱ्या अपघातांचे मूळ अशाच काटकसरीत सापडते.

दुसरा भाग खांबापासून मीटरपर्यंतचा. त्यात अर्जाचे शुल्क, सर्व्हिस वायर व मीटर जोडून देण्याचा आकार आणि अनामत रक्कम यांचा समावेश होतो. हे दर शाखा कार्यालय आपल्या मर्जीने ठरवीत नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मंजूर केलेल्या अनुसूचीप्रमाणे, जोडणीच्या भारानुसार ते आकारले जातात. यातील अनामत हा वस्तुतः खर्चच नव्हे. ती ग्राहकाची ठेव असते. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४७ अन्वये तिच्यावर व्याज देणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि जोडणी कायमची बंद करताना ती ग्राहकाला परत मिळते.

तिसरा भाग खांबाच्या पलीकडचा. घराजवळ खांबच नसेल तर नवे खांब रोवावे लागतात, लघुदाब वाहिनी ओढावी लागते, प्रसंगी नवे रोहित्र, म्हणजे गावकऱ्यांच्या भाषेतील डीपी, बसवावे लागते. बैलजोडीची गोष्ट निघते ती याच भागात.

अंतराचे गणित

हा तिसरा भाग इतका महाग का, ते समजून घेतले पाहिजे. समजा, एका गावात दोन भावांनी सारखीच घरे बांधली. दोघांनाही चार दिवे, एक पंखा आणि दूरदर्शन संच एवढीच वीज हवी. थोरल्याचे घर गावठाणात, खांबापासून वीस मीटरवर आहे; धाकट्याचे मळ्यात, चारशे मीटरवर. साधारण पन्नास मीटरला एक खांब धरला तर धाकट्यासाठी आठ खांब, त्यांना जोडणारी तार आणि हे सारे उभे करण्याची मजुरी लागेल. दोघांचे वीजबिल सारखेच येईल. पण ती वीज पोहोचविण्याच्या खर्चात मात्र जमीनअस्मानाचे अंतर राहील.

शिवाय लघुदाब वाहिनी हवी तितकी लांबविताही येत नाही. तार जितकी लांब आणि तीतून वाहणारा प्रवाह जितका अधिक, तितका दाब घटत जातो. शेवटच्या घरात दिवा मंद होतो, पंप गरम होऊन जळतो. ११,००० व्होल्टच्या वाहिनीतून तीच वीज नेली तर ४०० व्होल्टच्या मानाने प्रवाह सुमारे सत्तावीसपट कमी लागतो, आणि तारेतील तूट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून लांबच्या वस्तीसाठी उच्चदाब वाहिनी व स्वतंत्र रोहित्र हाच तांत्रिकदृष्ट्या योग्य मार्ग ठरतो. परंतु त्याचा खर्च एका कुटुंबाच्या आवाक्यातला नसतो. विजेचे मूळ मोल असे अंतरात दडलेले आहे.

हा भार कोणाचा?

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम अस्तित्वात आला, तेव्हापासून या प्रश्नाचे तत्त्व एकच राहिले आहे : दूरच्या घराचा भार एकट्या त्या घरावर टाकला तर खेडी कधीच उजळणार नाहीत. तो भार सर्वांत वाटला गेला पाहिजे. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. तत्त्व तेच राहिले.

विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४३ नुसार जागेच्या मालकाने अथवा भोगवटादाराने अर्ज केल्यास त्याला वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. ‘भोगवटादार’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण हा हक्क केवळ सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यापुरता मर्यादित नाही. कर्तव्यात कसूर झाल्यास दर दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद याच कलमात आहे. वाहिनी वाढवावी लागत नसेल तेथे ग्रामीण भागात पंधरा दिवसांत आणि डोंगराळ ग्रामीण भागात तीस दिवसांत जोडणी मिळावी, असे केंद्र शासनाच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ठरविले आहे.

कलम ४६ अन्वये वाहिनीचा वाजवी खर्च अर्जदाराकडून घेण्याची मुभा नियामक आयोग विनियमांद्वारे देऊ शकतो. येथेच महाराष्ट्रातील एक महत्त्वाचा निर्णय ध्यानात घ्यावा लागतो. सप्टेंबर २००६ मध्ये आयोगाने महावितरणची आकार-अनुसूची मंजूर करताना सेवावाहिनीचा निराळा आकार घेण्यास नकार दिला. सामाईक वाहिन्या व रोहित्रे यांवरील खर्च कंपनीने करावा आणि तो वीजदरांतून सर्व ग्राहकांमध्ये वाटला जावा, ही त्यामागील भूमिका होती. अपवाद एकच : एखाद्या ग्राहकाने केवळ स्वतःपुरती समर्पित वितरण व्यवस्था मागितली, तर तिचा खर्च त्याने सोसावा.

मळ्यातील धाकट्या भावाच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा आहे. घाईपोटी तो ‘खांब मीच रोवून घेतो’ असे म्हणतो, तेव्हा आपण नेमक्या कोणत्या प्रकारात अर्ज करीत आहोत, हे त्याने आधी लेखी विचारून घेतले पाहिजे. कोटेशन नसेल तर पैसे देऊ नयेत. पावती नसेल तर पैसे दिले असे समजू नये.

योजनांनी काय साधले?

गरीब कुटुंबाला दुसऱ्या भागाचा, म्हणजे मीटरपर्यंतचा खर्चही जड जातो. त्यासाठी १९८८-८९ मध्ये कुटीर ज्योती योजना आली. २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना मोफत जोडणी देऊ केली. सप्टेंबर २०१७ मध्ये घोषित झालेल्या सौभाग्य योजनेत पात्र गरीब कुटुंबांना विनामूल्य, तर इतरांना पाचशे रुपयांत, तेही बिलाबरोबर दहा हप्त्यांत, जोडणी मिळत असे. चावडीवरच्या पहिल्या माणसाचे पाचशे रुपये बहुधा येथूनच आलेले असतात. ती योजना ३१ मार्च २०२२ रोजी संपली. महावितरणने १४ एप्रिल २०२१ पासून अनुसूचित जाती व जमातींच्या घरगुती अर्जदारांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना सुरू केली. तीत पाचशे रुपयांची अनामत पाच हप्त्यांत भरण्याची सवलत ठेवण्यात आली. कोणती योजना चालू आहे आणि कोणती संपली, याची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

‘गाव विद्युतीकृत आहे’ या शब्दांचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. १९९७ पूर्वी गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली तरी गाव विद्युतीकृत गणले जाई. एका विहिरीवर पंप चालला तरी पुरे. २००४ पासून गावठाणात व दलित वस्तीत वितरणाची व्यवस्था, शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी, अशी व्याख्या झाली. व्याख्या सुधारली हे खरेच. परंतु दहा घरांतील एका घरी दिवा लागला म्हणजे उरलेल्या नऊ घरांतील मुलांचा अभ्यास होत नाही. तेव्हा पंचायतीने गावाची नव्हे, घरांची मोजणी ठेवावी.

शेतपंप आणि दूरचे पाडे

शेतपंपांच्या बाबतीत राज्य शासनाने डिसेंबर २०२० च्या धोरणात अंतराचेच माप लावले. लघुदाब वाहिनीपासून तीस मीटरच्या आत तातडीने जोडणी, दोनशे मीटरपर्यंत एरियल बंच केबल, सहाशे मीटरपर्यंत उच्चदाब वितरण प्रणाली आणि त्यापलीकडे सौर पंप, अशी ती विभागणी होती. ठरावीक अंतरानंतर तार ओढण्यापेक्षा उन्हाचाच उपयोग करणे परवडते, हे त्यातून मान्य झाले. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा पाच टक्के ठेवण्यात आला. घरांच्या बाबतीतही, जेथे वाहिनी नेणे शक्य नव्हते तेथे सौभाग्य योजनेत पाच दिवे, एक पंखा आणि एक प्लग चालेल असा सौर संच देण्याची तरतूद होती.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागांत आणखी एक अडचण येते, ती वनजमिनीची. वाहिनी वनातून जात असल्याने प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळते, असा अनुभव सांगितला जातो. वनहक्क अधिनियम २००६ च्या कलम ३(२) मध्ये यासाठी सुलभ मार्ग दिलेला आहे. वीजवाहिनीसह ठरावीक सार्वजनिक सुविधांसाठी, प्रत्येक कामास एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल आणि हेक्टरी पंच्याहत्तरांहून अधिक झाडे तोडावी लागत नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीने ती जमीन वळविता येते. म्हणजे कामाची सुरुवात ग्रामसभेच्या हाती आहे. ठरावच झाला नाही, तर फाईल पुढे सरकणार कशी?

पंचायतीने करावयाची कामे

पहिले काम सामुदायिक अर्जाचे. मळ्यातील धाकट्या भावाचा एकट्याचा अर्ज गेला तर चारशे मीटर वाहिनी एका घरासाठी ठरते. त्याच वाटेवरच्या आठ घरांनी एकत्र अर्ज केला तर तीच वाहिनी घरटी पन्नास मीटर पडते आणि ती सामाईक असल्याचे कोणासही सांगावे लागत नाही. वस्तीनिहाय यादी करून ती उपविभागीय कार्यालयास देणे हे काम पंचायतीने एका बैठकीत करण्यासारखे आहे.

दुसरे काम जागेच्या निवडीचे. घरकुलाची जागा ठरविताना रस्ता व पाणी यांचा विचार होतो. खांबाचे अंतरही त्याच वेळी मोजावे. एक फीत घेऊन अर्धा तास खर्च केला तर पुढचा मोठा खर्च टळू शकतो.

तिसरे काम वाटेच्या संमतीचे. खाजगी शेतातून वाहिनी नेण्यासाठी २००६ च्या नियमांप्रमाणे मालकाची संमती लागते. हरकत आल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे अथवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे जावे लागते. बांधाच्या कडेने खांब नेण्यावर दोन शेजाऱ्यांची समजूत पंचायतीत पटली, तर काही महिन्यांचा विलंब वाचतो. अनेकदा जोडणी अडते ती पैशामुळे नव्हे, बांधाच्या भांडणामुळे.

चौथे काम तक्रारीचे. दिरंगाई झाली किंवा अवाजवी रक्कम मागितली गेली, तर कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तेथे समाधान न झाल्यास विद्युत लोकपालाकडे जाण्याची सोय कायद्याने केलेली आहे. असा अर्ज लिहून देण्याच्या कामी गावच्या शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

हे सारे का करावयाचे? जोडणी मिळाली नाही म्हणून कोणी अंधारात बसून राहत नाही. तो तारेवर आकडा टाकतो. आकडा टाकणे हा कलम १३५ खाली गुन्हा आहे, पण त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे पावसात ती तार तुटून अंगणात पडते आणि सकाळी गोठ्याकडे निघालेल्या माणसाचा पाय तिच्यावर पडतो. त्या घराला विजेची जी किंमत मोजावी लागते, ती कोणत्याही कोटेशनात लिहिलेली नसते. रीतसर जोडणीचा खर्च, तो कितीही वाटला, तरी यापुढे स्वस्तच आहे.

खांब आणि घर यांमधील अंतर तारेनेच तोडावयाचे असते, हे खरे. पण ती तार कोणत्या वाटेने जावी, किती घरांना मिळावी आणि तिचा भार कोणी उचलावा, हे ठरविण्यात पंचायतीचा वाटा मोठा आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर वीज नसलेल्या घरांची यादी हा एक विषय प्रत्येक गावाने घेतला, तरी या दिशेने पहिला खांब रोवला गेला असे म्हणता येईल.