दहा दिवस थांबा

परवा एक आजोबा दवाखान्यात आले आणि त्यांनी खिशातून तीन गोळ्यांची रिकामी पट्टी काढून टेबलावर ठेवली. ॲझिथ्रोमायसिन, दुकानातून परस्पर आणलेलं. "चौथा दिवस आहे, गाल अजून ठणकतोय. आता जोरदार काहीतरी द्या."

आजोबांना सांगितलं तेच तुम्हाला सांगते. घरची मोरी तुंबली की आपण आधी जाळी काढतो, गाळ उपसतो, गरम पाणी सोडतो. पहिल्याच दिवशी ॲसिड ओतत नाही. त्यानं पाइप झिजतो आणि गाळ तिथेच राहतो. सर्दीत सायनसची मोरी तुंबते. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुवा, दुखण्याला पॅरासिटामॉल घ्या, विश्रांती घ्या. अशा शंभर जणांत जिवाणूंचा संसर्ग होतो तो जेमतेम दोघांना. बाकीचे विषाणू, आणि त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. शेंबूड हिरवा झाला तरी घाबरू नका. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो.

मग गोळी कधी? दहा दिवसांत उतार नसेल तर. किंवा तीन-चार दिवस १०२ ताप, पुवासारखा शेंबूड आणि चेहरा दुखत असेल तर. किंवा बरं वाटता वाटता दुखणं उलटलं तर. डोळ्याभोवती सूज आली, दोन-दोन दिसू लागलं, मान आखडली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि कोणती? सहसा अमॉक्सिसिलिन, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडसह. मोठ्यांना पाच ते सात दिवस. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, मग डॉक्सिसायक्लिनसारखा पर्याय असतो. ॲझिथ्रोमायसिन नको, कारण न्यूमोकॉकस हा जिवाणू त्याला पुष्कळ ठिकाणी दाद देईनासा झालाय. लिव्होफ्लॉक्सासिन तर स्वतःहून मागूच नका. त्यानं टाचेचा स्नायुबंध दुखावू शकतो, आणि लपलेला क्षयरोग काही दिवस झाकला जातो. आपल्याकडे हे फार महागात पडतं.

देशाला पेनिसिलिन घरचं मिळावं म्हणून १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. अमॉक्सिसिलिन त्याच घराण्यातलं. एवढ्या कष्टानं मिळालेलं औषध साध्या सर्दीवर उधळायचं? पाकिटावरची ती लाल रेघ बघत जा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, एवढंच ती सांगते.

लहान मुलांचं थोडं वेगळं असतं, पण वेळ संपत आली. म्हणून पुन्हा एकदा: आधी मोरीची जाळी. आणि दहा दिवस, बरं का, दहा दिवस.