दोन गुंडे कमी पडले
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



'छंद' या विषयावर चार शब्द बोला, असं चेअरमनसाहेबांनी सांगितलं. मला बोलता येतं ते विणकामावर, तेव्हा तेच ऐका.

२५ वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो, तेव्हा पेठेत लोकरीचं एक छोटं दुकान होतं. लोकर, क्रोशाच्या सुया, मणी, भरतकामाची रिंग, सगळं चार फळ्यांवर. रुखवत असो की बाळंतविडा, आपल्या सोसायटीतल्या बायका तिथंच जायच्या. टाका गळला तर दुकानातल्या काकू गिऱ्हाईक थांबवून तो उचलून द्यायच्या. त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. (म्हसवडला कशाला हवी लोकर, म्हणून हसू नका. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाच्या वेळी पहाटे काय गारठा असतो, ते ठाऊक आहे सगळ्यांना.)

गंमत बघा, मुलूख मेंढरांचा आणि दुकानातली लोकर लुधियानाची, तीही बहुतेक ॲक्रिलिक! आपल्या मेंढराची लोकर जाडीभरडी, ती घोंगडीची. खड्ड्याच्या मागावर विणायची, चिंचोक्याची खळ लावायची. माझ्या सासूबाई बोलता बोलता टकळीवर सूत काढायच्या. मला ते कधी जमलं नाही.

गेल्या वर्षी नातवाचा स्वेटर घेतला आणि शेवटच्या बाहीला दोन गुंडे कमी पडले. पेठेत गेले, तर दुकानाच्या जागी मोबाईल रिपेअरिंगचा बोर्ड. लेकीनं ऑनलाइन मागवले; सहाचं पाकीटच घ्यावं लागलं. रंग तोच, नंबर तोच, पण लॉट वेगळा. रंगाची खेप बदलली की छटा फिरते. म्हणून तर काकू दोन गुंडे जास्तीचे बाजूला ठेवायच्या, उरले तर परत घ्यायच्या.

ते दुकान बंद पडलं, त्यात माझाही हात आहे. शेवटची दोन वर्षं मी तिथं जाऊन रंग बघायची, नंबर लिहून आणायची आणि पन्नास रुपये वाचवायला मोबाईलवरून मागवायची. काकूंना कळत होतं. एकदा तर त्यांनीच मला कागद-पेन पुढं केलं.

एक बाही गडद झाली. काकू आता मुलाकडे पुण्याला असतात. धीर करून फोन लावला. म्हणाल्या, "उसव ती फिकी बाही. दोन्ही गडद कर, मुद्दाम केल्यागत दिसतील."

सध्या उसवते आहे. कुणाला शिकायचं असेल तर दुपारी चारनंतर माझ्या ओट्यावर या. सुया जास्तीच्या आहेत.