आधी हात बघू या

(पोस्टर-शिबिरात केलेल्या भाषणावरून)



सकाळी पोस्टरं करायला बसलो, तेव्हा निम्म्याजणींनी ब्रश शेजारणीकडे सरकवला. "मला नाही गं चित्र येत." मीही वर्षानुवर्षं हेच म्हणायचे. घोषणा मी लिहायची, चित्र कुणा कार्यकर्त्या भावाकडून काढून घ्यायचं. तो काढायचा ती बाई ठरलेली: मोकळे केस, कमनीय बांधा, डोळ्यांत पाणी, हातात बेड्या. घरकामगार बायकांच्या सभेत असंच एक पोस्टर लावलं होतं. एक मावशी जवळ जाऊन बघून आली आणि म्हणाली, "हिनं कधी भांडी नाही घासली. बोटं बघा की!" त्यानंतर मी शिकायला लागले.

पुस्तकांपैकी मला खरं उपयोगी पडलं ते किमॉन निकोलायडीस यांचं 'द नॅचरल वे टू ड्रॉ'. 1941 सालचं, इंग्रजी. पण त्यातले पहिले दोन धडे करायला इंग्रजी लागत नाही. एक: नजर वस्तूच्या कडेवर ठेवायची, पेन्सिल कागदावर, आणि कागदाकडे न बघता दोन्ही एकाच वेगानं सरकवायचं. जणू पेन्सिल त्या वस्तूलाच लागली आहे. चित्र वेडंवाकडं येतं, येऊ दे. दुसरा: मिनिटभरात माणसाची हालचाल पकडायची. बाई कशी दिसते ते नाही, ती काय करते आहे ते काढायचं. हापशावर जोर देताना पाठ कुठून वाकते?

पुस्तकात तासन् तास सराव आणि समोर बसणारं मॉडेल गृहीत धरलंय. तेवढी सवड आपल्याला कुठली! माझं मॉडेल म्हणजे तांदूळ निवडणाऱ्या सासूबाई.

मॉडेलचा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. लंडनची रॉयल अकादमी 1768 साली स्थापन झाली, तिच्या संस्थापक सदस्यांत दोन स्त्रिया होत्या: अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. झोफनीनं या सदस्यांचं समूहचित्र काढलं. त्यात पुरुष नग्न मॉडेलभोवती जमलेत आणि या दोघी नुसत्या भिंतीवरच्या तसबिरी! तिथल्या विद्यार्थिनींना मॉडेलवरून शिकायची परवानगी मिळायला 1893 उजाडलं, तीही मॉडेलनं अंग झाकलेलं असेल तर. 'थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत?' या प्रश्नाला लिंडा नॉकलिन यांनी 1971 साली जे उत्तर दिलं, त्यात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. तेव्हा 'माझ्यात कलाच नाही' म्हणण्याआधी जरा थांबा.

आता माझ्या गुरू. कॅथे कोलविट्झ, जर्मन, जन्म 1867. नवरा बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर. त्याच्याकडे येणाऱ्या बायका तिनं जवळून पाहिल्या आणि काढल्या. शेतकऱ्यांच्या बंडावरच्या मालिकेत तिचं एक चित्र आहे. अख्खा जमाव धावतोय आणि पुढं एक बाई पाठमोरी उभी, दोन्ही हात वर. तोंड दिसत नाही. पाठ आणि हात एवढ्यावरच चित्र उभं आहे! 1914 साली तिचा धाकटा मुलगा महायुद्धात मारला गेला. पुढं युद्धाविरुद्ध तिनं पोस्टरं केली, लाकडावर कोरलेली काळीपांढरी चित्रं केली. 1933 साली नाझींनी तिला प्रशियन अकादमीतून राजीनामा द्यायला लावला. तिच्या चित्रांतले नुसते हात उतरवून काढा. महिनाभर पुरतील.

आपल्याकडचे चित्तप्रसादही बघा. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी गावोगाव फिरून शाईनं माणसं काढली. पुढं ते मुंबईत राहिले. त्यांची लिनोकटं आपल्या फार कामाची. लिनोलियमचा तुकडा, कोरणी, एक शाई, आणि हव्या तेवढ्या प्रती.

वारली चित्रांना आपण सगळेच मान देतो. पण लग्नाचा चौक लिहिणं हे मुळात सवाशिणींचं काम. कागदावर, बाजारात, परदेशात नाव झालं ते जिव्या सोमा मशे यांचं. ते मोठे कलावंत होतेच. पण त्या सवाशिणींपैकी किती जणींची नावं आपण सांगू शकतो?

असो. जेवणाआधी तासभर आहे. मागं भाकरी थापणाऱ्या मावशींना विचारलंय, बसू द्यायला तयार आहेत. त्यांची एकच अट आहे: काढलेलं चित्र त्यांना दाखवल्याशिवाय हलायचं नाही. चला, कागद घ्या.