सुट्या भागांचं सॉफ्टवेअर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत ज्यानं काम केलंय, त्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. गाडी बनवणारी कंपनी प्रत्येक भाग स्वतः ओतत बसत नाही. माप आणि नकाशा दिला की फाउंड्री कास्टिंग पाठवते, आणि कारखान्यात जोडणी होते. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोनं भरवलेल्या परिषदेत बेल लॅब्जचे डग मॅकिलरॉय नेमकं हेच विचारत होते: सॉफ्टवेअरच्या धंद्यात सुटे भाग बनवणारे कारखाने का नाहीत? दर वेळी सगळं पहिल्यापासून का लिहायचं?

उत्तर मिळायला बराच काळ गेला. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक आलं. बटण, चौकट, यादी माउसनं उचलायची आणि पडद्यावर ठेवायची. इतर कंपन्यांनी बनवलेले तयार भागही विकत मिळू लागले. मॅकिलरॉय यांचा बाजार भरला तो असा.

पुढची पायरी लहान मुलांची होती. अमेरिकेतल्या एमआयटीनं २००७ साली स्क्रॅच आणलं. तिथं आज्ञा टाइप करायच्या नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. न बसणारा ठोकळा बसतच नाही, त्यामुळं स्वल्पविराम चुकला म्हणून रात्रभर डोकं धरून बसणं नाही. २०१० मध्ये गुगलनं याच पद्धतीनं अँड्रॉइड फोनची ॲप बनवता येतील असं ॲप इन्व्हेंटर काढलं. नंतर तेही एमआयटीकडं गेलं आणि आजही फुकट आहे. त्याच्या सुरुवातीच्या धड्यांतला एक मांजराचा: चित्रावर बोट ठेवलं की मांजर आवाज करतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीच्या शाळेतल्या मुलांनी मांजराच्या जागी शिवाजी महाराजांचे सरसेनापती प्रतापराव गुजर यांच्या स्मारकाचा फोटो घातला आणि आवाजाच्या जागी २४ फेब्रुवारी १६७४ च्या तिथल्या लढाईची माहिती, तर बदलतात फक्त दोन वस्तू. जोडणी तीच राहते.

पण खेळणं वेगळं आणि हिशेब वेगळा. नेसरी परिसरातल्या कुठल्याही दूध संस्थेचं काम घ्या. सभासद क्रमांक, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, किती लिटर, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) किती. त्यावरून दर, मग रक्कम, आणि दहा दिवसांनी पशुखाद्याची कपात करून बिल. पडद्यावर हे मांडायला सात-आठ चौकटी, एक बटण आणि एक यादी पुरते, तासाभरात काम. खरी मेख दरपत्रकात असते. म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफ, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ असा पाया धरला, तर त्याच्या खाली-वर प्रत्येक पॉइंटला किती कमी-जास्त? फॅट मोजायचं मशीन बंद पडलं तर त्या वेळची फॅट काय धरायची? सभासदाच्या नावावर दूध त्याच्या सुनेनं घातलं तर पावती कुणाला? याची उत्तरं कुठल्याही तयार ठोकळ्यात नाहीत. ती संस्थेच्या सचिवाला पाठ असतात. म्हणून अशा ॲपला पुण्याच्या प्रोग्रामरइतकाच, कदाचित अधिक, सचिव लागतो.

तयार भाग जोडून काम उभं करण्याचा हा विचार महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर उतरला तो मुंबईत. रुषभ मेहता यांच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा कारभार सांभाळणारं खुलं सॉफ्टवेअर आज अनेक देशांत वापरलं जातं. त्यातला मुख्य भाग म्हणजे डॉकटाइप. कुठल्या नोंदीत कोणते रकाने हवेत हे ब्राउझरमध्ये भरून द्यायचं. मग माहिती साठवायचा तक्ता, भरायचा फॉर्म, शोधायची यादी आणि कुणी काय पाहावं याचे नियम असं सगळं त्यावरून उभं राहतं. ग्राहक, माल, बिल, पगार हे सगळे डॉकटाइपच. साध्या नोंदींसाठी कोड लिहावा लागत नाही. हिशेब गुंतागुंतीचा झाला की मात्र लिहावाच लागतो. ‘कोडशिवाय सगळं’ ही जाहिरात आहे, इतकंच.

दुसऱ्याचा भाग वापरला की त्याचं दुखणंही आपल्या घरी येतं. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरनं आपला अकरा ओळींचा भाग इंटरनेटवरच्या कोठारातून काढून घेतला. ओळीच्या डावीकडं मोकळी जागा भरण्यापलीकडं त्या भागाचं काही काम नव्हतं. तरी त्यावर टेकलेले जगभरातले हजारो प्रकल्प अडले, आणि कोठार चालवणाऱ्यांना तो भाग पुन्हा जागेवर ठेवावा लागला.

तेव्हा गावात कुणी संस्थेसाठी असं ॲप जोडायला घेत असेल, तर आधी दोन गोष्टी विचारा. नोंदी कुठं साठतात? आणि त्या साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतात का? ॲप इन्व्हेंटरमधला टायनीडीबी नावाचा ठोकळा माहिती फक्त त्या एका फोनमध्ये ठेवतो. ॲप काढून टाकलं की नोंदीही जातात. म्हणून पहिले काही महिने कागदाचं रजिस्टर बंद करू नका. रोजची बेरीज दोन्हीकडं करा आणि बिल निघण्याआधी ताळा घ्या.