दार मोडलं, घर शाबूत

श्रोतेहो, बोटाच्या पेराएवढी एक वस्तू आज घराघरांत आहे. कुणी ती किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवतं, कुणी कपाटातल्या दागिन्यांच्या डबीत ठेवतं. आपण तिला पेन ड्राइव्ह म्हणतो. लग्नाचे फोटो, शेताचे उतारे, पोरांचे दाखले, दुकानाचा हिशेब असं सगळं तिच्या पोटात असतं. आणि एके दिवशी संगणकाला लावलेली असतानाच तिला धक्का लागतो. कट्‌कन आवाज होतो, ती वाकते आणि तिचा इवलासा दिवा विझतो. मला आज बोलायचं आहे ते त्यानंतरच्या घटकेविषयी. कारण पुष्कळदा नुकसान त्या धक्क्यानं होत नाही, त्यानंतरच्या घाईनं होतं.

मी कवितेचा माणूस. यंत्रांशी माझी ओळख बेताचीच. पण दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्याच घरी येऊन उभा राहिला. माझ्या धाकट्या बहिणीनं अम्माच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. अम्मा घरात दखनी बोलायची, पण जात्यावर बसली की ओवी मराठीतच यायची. तिच्यात भाऊ असायचा, माहेरची वाट असायची, पंढरीची वारी असायची आणि पिराचा उरूसही असायचा. अम्मा गेली आणि तिचा आवाज तेवढा एका पेन ड्राइव्हमध्ये उरला. त्या दिवशी मांजरानं टेबलावर उडी घेतली आणि संगणकाला लावलेला तो ड्राइव्ह मुळापाशी वाकला.

मग सल्ल्यांना काय तोटा! भाचा म्हणाला, दाबून सरळ धरा, चालू होईल. मेहुणे झटपट चिकटणारा गोंद घेऊन आले. शेजारच्या मास्तरांनी पुसलेल्या फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर सुचवलं. बहिणीनं मात्र तो ड्राइव्ह एका डबीत ठेवला आणि म्हणाली, ‘‘आता कुणी याला हात लावायचा नाही.’’ तिच्या या वाक्याचं मोल मला दुरुस्तीच्या दुकानात कळलं.

दुकानातल्या तरुणानं वरचं प्लॅस्टिक हलकेच उघडलं आणि भिंगाखाली धरून मला दाखवलं. पुढं धातूचं तोंड, जे संगणकात जातं. मागं हिरवी पट्टी. पट्टीवर दोन काळ्या चकत्या. एक कारभारीण, म्हणजे कंट्रोलर. दुसरी कोठार, म्हणजे स्मृतीची चिप. साध्या ड्राइव्हच्या तोंडाला चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन पाच व्होल्ट वीज आणतात, मधल्या दोन मजकुराची ने-आण करतात. आमच्या ड्राइव्हचे या चार पट्ट्यांचे टाके उखडले होते. ‘‘काका, दार मोडलंय, घर शाबूत दिसतंय,’’ तो म्हणाला.

हे घर आहे तरी कसं? या स्मृतीला फ्लॅश म्हणतात. तोशिबा कंपनीतले जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी ती १९८०च्या दशकात शोधली. २००० साली पेन ड्राइव्ह बाजारात आले, तेव्हा त्यात ८ एमबी मजकूर मावे. आज ६४ जीबी ही मामुली गोष्ट झाली आहे. अक्षर असो की आवाज, तिथं तो विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात कोंडलेला असतो. बाहेरची वीज तुटली तरी तो भार जागचा हलत नाही. म्हणून दिवा विझला याचा अर्थ आवाज गेला, असा होत नाही.

पण वाकलेला ड्राइव्ह पुन:पुन्हा लावून पाहिला, तर टाक्यांबरोबर पट्टीवरच्या तांब्याच्या बारीक रेषाही सोलून निघतात. गोंद त्या फटीत शिरला की डाग द्यायला जागा उरत नाही. विजेच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या, तर कंट्रोलरच जळतो. आणि संगणकाला ड्राइव्ह दिसतच नसेल, तर सॉफ्टवेअर शोधणार तरी कुठं?

कंट्रोलर मेला तर काम अवघड होतं. मग स्मृतीची चिप उखडून निराळ्या यंत्रावर वाचावी लागते. मजकूर तिथं ओळीनं ठेवलेला नसतो. चिप सर्वत्र सारखी झिजावी म्हणून कंट्रोलर तो विखरून आणि विस्कटून लिहीत असतो. वहीची पानं सुटावीत, वर पानांचे आकडेही नसावेत, तसा प्रकार. जाणकार ती पानं जुळवू शकतात. पण मजकूर कुलूपबंद लिपीत असेल आणि किल्ली मेलेल्या कंट्रोलरपाशीच असेल, तर चिप वाचूनही हाती काही लागत नाही. काही ड्राइव्हमध्ये सगळं एकाच काळ्या ठोकळ्यात ओतलेलं असतं; तिथं वरचा थर खरवडून केसासारख्या तारा जोडाव्या लागतात. आणि स्मृतीची चिपच तडकली, तर मात्र बहुधा हात जोडावेत.

आमचं नशीब चांगलं. त्या तरुणानं चार बारीक तारा जोडल्या, दिवा लागला. बहीण अधीर झाली होती, पण तो म्हणाला, ‘‘ताई, आधी उतरवून घेऊ, मग ऐका.’’ जोडलेला ड्राइव्ह वापरायचा नसतो, त्यातलं सगळं एकदा काढून घ्यायचं असतं. त्यानं सगळ्या फाइली दुसरीकडं घेतल्या आणि मगच एक लावली. आधी जात्याची घरघर आली, मग अम्माचा आवाज. दुकानात गिऱ्हाईक होतं, तेही थांबलं.

तेव्हा श्रोतेहो, ड्राइव्ह मोडला तर तो काढून बाजूला ठेवा. तुटलेला तुकडा असेल, तर तोही जपा. ‘फॉरमॅट करू का?’ असं संगणकानं विचारलं, तर नाही म्हणा. ज्याला सूक्ष्म डाग देता येतो, अशा माणसाकडंच जा. मोलाचं काही असेल, तर ते दोन-तीन ठिकाणी असू द्या, कारण कोंडलेला तो भारही वर्षानुवर्षांत हळूहळू झिरपतो. खणात पडून राहणारी ही वस्तू तिजोरी नव्हे. दार मोडलं तरी घर बऱ्याचदा टिकतं. पण आपण ते दार धक्के मारून उघडायला गेलो, तर भिंतीही जातात.