‘घरचं कोणीतरी’ म्हणजे कोण?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मानसिक आजाराचं निदान झालं की डॉक्टर औषधं लिहून देतात आणि सांगतात, ‘घरचं कोणीतरी लक्ष ठेवा.’ हे ‘घरचं कोणीतरी’ कोण, हे आपल्याला सांगायला नको. मुलगा आजारी असेल तर आई, नवरा असेल तर बायको, भाऊ असेल तर बहीण. २००४ सालच्या ‘देवराई’ चित्रपटात स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषला सांभाळते ती त्याची बहीणच. आपल्याला त्यात काही वेगळं वाटत नाही, इतकं ते अंगवळणी पडलंय.

पण बाईच आजारी पडली तर? माझ्याकडे नवऱ्याला घेऊन बायका येतात. आजारी बाईबरोबर मात्र बहुधा तिची आई येते. ‘बरी झाली की पाठवा’ म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलेलं असतं. म्हणजे बाई आजारी असो वा धडधाकट, सांभाळायचं काम फिरून बाईकडेच!

पुढे घटस्फोटाचा अर्ज येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक आजार हे कारण आहे. पण नुसता आजार पुरेसा नाही. स्किझोफ्रेनिया असं नाव दिलं म्हणून घटस्फोट मिळत नाही, आजाराची तीव्रता सिद्ध करावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात स्पष्ट केलं आणि नवऱ्याचं अपील फेटाळलं. ‘ती वेडी आहे’ एवढं ऐकून आपण समझोत्याच्या कागदावर तिची सही घ्यायला निघतो, तेव्हा हे आठवावं.

आता थोडं अवघड बोलते. सांभाळणारी बाई थकलेली असते, तशीच आजारी माणसावर तिची सत्ताही असते. एक आई मुलाच्या वरणात गोळी कुटून घालायची. त्याला ते कळलं आणि त्याने घरचं जेवणच टाकलं. तिला दोष देणं सोपं आहे. पण तिला दुसरा मार्ग कोणी दाखवला होता? तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं जळून मेली. त्यांतल्या अनेकांना घरच्यांनीच तिथे आणून ठेवलं होतं. मदत कुठेच मिळाली नाही की माया करणारी माणसंही कुलूप शोधतात. म्हणून आजारी माणसाचे हक्क आणि सांभाळणारीचे हक्क एकमेकांच्या विरोधात उभे करू नका. एकीला विसावा मिळाला तरच दुसऱ्याची साखळी सुटेल.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्याला बंदी घातली. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते नकोत, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क दिला. आपल्या वतीने कोणी बोलावं, ते माणूस स्वतः नेमू शकतं. तो नवराच असला पाहिजे असं नाही. आणि याच कायद्याच्या कलम १८ मध्ये कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा उभारणं ही सरकारची जबाबदारी म्हटली आहे. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचाही उल्लेख आहे. कागदावरचे हे शब्द आपोआप घरी चालत येणार नाहीत. रेशनसाठी, पाण्यासाठी मोर्चे काढले, तसंच हेही मागावं लागेल.

तोवर आपण काय करू शकतो? वस्तीतल्या अशा बायकांची महिन्यातून एक बैठक घ्या. तिथे सल्ले देऊ नका, त्यांना बोलू द्या. अपंगत्वाचा दाखला काढायला एखादी कार्यकर्ती सोबत जाऊ द्या. २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही मोफत सरकारी दूरध्वनी सेवा आहे, तो नंबर भिंतीवर लिहा. घरातल्या पुरुषांना विचारा, ‘आठवड्यातला तुमचा वार कोणता?’ आणि अशी बाई बैठकीला आली की आधी ‘तो कसा आहे?’ विचारू नका. ‘तू रात्री झोपलीस का?’ असं विचारा.

प्रेमापोटी केलेलं कामही काम असतं. त्यालाही सुट्टी लागते, पैसा लागतो आणि वाटेकरी लागतात.